अकरा एकांचा भागाकार

अजनीच्या यार्डात मालगाडी येऊन थांबली की इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत रुळाच्या कडेने चालत जायचे आणि प्रत्येक वॅगनचा नंबर कागदावर उतरवायचा, हे महादेवराव लांजेवारांचे काम. रेल्वेत या माणसाला नंबर टेकर म्हणतात. एका गाडीला पन्नास-साठ वॅगन, दिवसाला आठ-नऊ गाड्या, आणि पायाखाली सगळी खडी. उन्हाळ्यात चपलेचा तळ मऊ पडायचा. थंडीत पहाटेच्या धुक्यात वॅगनच्या अंगाला कंदील टेकवल्याशिवाय आकडा दिसायचा नाही. सदतीस वर्षे त्यांनी हेच केले. कुहीजवळच्या खेड्यातून ते शिकायला नागपुरात आले, महाल भागात मामाकडे राहून मॅट्रिक झाले आणि १९४१ साली रेल्वेत चिकटले, ते चिकटलेच.

या कामात एकच चूक खरी मोठी, ती म्हणजे आकड्यांची अदलाबदल. ५२३७४ च्या जागी ५२३४७ लिहिले गेले की ती वॅगन कागदावरून नाहीशी होते. उभी असते समोरच्याच रुळावर, पण तिच्यासाठी वर्ध्यापासून इटारसीपर्यंत तारा फिरतात. म्हणून महादेवराव गाडीच्या शेवटाला पोचले की परत येताना तेच नंबर उलटे, शेवटच्या आकड्याकडून पहिल्याकडे, वाचत यायचे. म्हणजे चालणे दुप्पट.

"लांजेवार बाबू गाडीची दोनदा आरती करते," असे रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन नत्थूजी सगळ्यांना सांगायचा.

पण एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून फक्त पाच वॅगन हरवल्या होत्या, आणि त्या पाचही त्यांना तारखेसकट पाठ होत्या.

१९६४ च्या एप्रिलात त्यांच्या मुलीचा, लतिकाचा, सातवीचा निकाल लागला. गणितात शंभरापैकी एकवीस. महादेवराव ड्यूटी संपवून तसेच खाकी कपड्यांत शाळेत गेले. गणिताचे डेग्वेकर मास्तर रिकाम्या वर्गात पेपर बांधत बसले होते.

"पोरीले गणित जमून नाही राहिलं, सर," महादेवराव म्हणाले. "घरी कोणी सांगणारं नाही."

"मुलगी ठीक आहे हो. आळशी आहे थोडी," डेग्वेकर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले, की बापाचे डोळे आपल्याकडे नाहीत, फळ्याकडे आहेत.

फळ्यावर नुसत्या एक या आकड्याच्या ओळी होत्या. दोन एक, तीन एक, चार एक, असे वाढत गेलेले. डेग्वेकरांना विचारणारा मिळाला की राहवत नसे. त्यांनी खडू उचलला. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या. दोन एकांचे अकरा होतात, ती मूळ. तीन एक मात्र फुटतात, तीन गुणिले सदतीस. पाच एक म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सात एक फोडायला डेग्वेकरांना एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली होती, २३९ गुणिले ४६४९.

"अन् अकरा एक?" महादेवरावांनी विचारले.

"ते मला माहीत नाही," मास्तर सरळ म्हणाले. "अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. हाताने कोण करणार?"

"कराचं असलं तं कसं कराचं?"

डेग्वेकरांनी सांगितले. या संख्येचे वर्गमूळ एक लाख पाच हजार चारशे नऊच्या थोडे पुढे येते. तिथवरच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे. कुठे बाकी शून्य आली, तर फुटली. शेवटपर्यंत नाही आली, तर अकरा एकांची संख्या मूळ आहे असे छातीठोक म्हणता येईल.

"अशा किती भरतीन?"

"दहा हजारांच्या थोड्या वर."

महादेवरावांनी मनातल्या मनात हिशेब केला. रोज दोन केले तर चौदा वर्षे. रिटायर व्हायलाही चौदाच वर्षे होती. लतिकाच्या एकवीस मार्कांविषयी पुढे काही बोलणे झाले नाही.

हे त्यांनी का अंगावर घेतले, ते त्यांना कधी नीट सांगता आले नाही. वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पहिल्याच आठवड्यात विचारले होते, "याचं का करान तुमी?" तेव्हा ते म्हणाले, "दिवसभर लोकाइच्या वॅगनचे नंबर लिहितो मी. हा एक नंबर माह्या." आयुष्यात एक गोष्ट आपण शोधली आणि ती खरी आहे, एवढे एकदा चारचौघांसमोर म्हणावे, ही इच्छा त्यामागे होती. पण अशी इच्छा नंबर टेकरने बोलून दाखवायची नसते.

मूळ संख्यांचे मोठे कोष्टक एका कॉलेजच्या लायब्ररीत होते. ते पुस्तक बाहेर देत नसत. डेग्वेकरांनी ओळख काढून महादेवरावांना शनिवारी दुपारी तिथे बसायची परवानगी मिळवून दिली. दर शनिवारी पुढच्या आठवड्यापुरत्या संख्या ते उतरवून आणत आणि उतरवलेल्या उलट्याही वाचून पाहत. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि दोन भागाकार करायचे. वहीत आधी तारीख, मग भाजक, भागाकार, बाकी, आणि खाली सगळी मांडणी. शेवटी नवाचा ताळा.

हा ताळा त्यांना मामाने शिकवला होता. प्रत्येक संख्येतले आकडे मिळवत जायचे, एकच आकडा उरेपर्यंत. भाजकाचा आणि भागाकाराचा आकडा गुणायचा, त्यात बाकीचा मिळवायचा, आणि पुन्हा एक आकडा करायचा. अकरा एकांच्या बेरजेचे अकरा, अकराचे दोन. इकडे दोन आले, की भागाकार बरोबर. मग लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. यार्डात ज्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, त्याचा या ताळ्यावर पूर्ण विश्वास होता. ताळा जमला, की मांडणी पुन्हा वाचायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

वर्षे गेली. वह्यांची चळत पत्र्याच्या पेटीत वाढत गेली. पिंडऱ्यांच्या शिरा निळ्या होऊन वर आल्या. नत्थूजी भेटला की विचारायचा, "का गा महादेवराव, तुमची वॅगन भेटली का?"

"नाही भेटली."

"मंग ते गाडीलेच लागली नसंन."

"तेच तं पाहाचं हाये."

१९७१ साली बल्लारशाला वरच्या जागेची ऑर्डर आली. बसून करायचे काम, ऑफिसात पंखा, क्वार्टरला दोन खोल्या जास्त. शिवाय वच्छलाबाईंची धाकटी बहीण प्रेमिला बल्लारशालाच दिली होती. वच्छलाबाईंनी ऑर्डरीचा कागद देवापुढे ठेवला. महादेवरावांनी दोन दिवस विचार केला. संख्या पन्नास हजाराच्या आसपास आली होती. कोष्टक नागपुरात, शनिवार नागपुरात, मास्तर नागपुरात. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'घरगुती अडचण' असे कारण देऊन नकार लिहून दिला.

"घरगुती म्हणजे कोण? मी का?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मले तं काही अडचण नाही."

त्यानंतर सात वर्षे महादेवराव खडीवरून चालतच राहिले. प्रेमिलाचे पत्र आले की वच्छलाबाई ते दोनदा वाचायच्या आणि फडताळात ठेवून द्यायच्या.

लतिका मॅट्रिक झाली, लग्न होऊन नरखेडला गेली. डेग्वेकर मास्तर रिटायर झाले. महादेवरावांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला. आणि १९७८ च्या मार्चमध्ये, सतराव्या वहीत, शेवटचा भागाकार झाला. बाकी शून्य कुठेही आलेली नव्हती.

त्या संध्याकाळी आपल्याला फार आनंद होईल असे त्यांना चौदा वर्षे वाटत आले होते. झाला तो थकवा. त्यांनी वही मिटली, पाय वर घेऊन खाटेवर पडले आणि जेवायला उठवले तेव्हाच उठले.

डेग्वेकरांना मात्र आनंद झाला. गणित शिक्षकांचे एक छोटे मंडळ होते. त्याची वर्षातून एकदा सभा भरायची. ३० एप्रिलला रविवारी होती. मास्तरांनी कार्यक्रमात एक ओळ घालून चाळीस कार्डे छापूनही घेतली : 'अकरा एकांची संख्या मूळ आहे – श्री. महादेवराव लांजेवार, नागपूर.' महादेवरावांनी ते कार्ड खिशात ठेवले. यार्डात एकदा काढून पाहिले. नत्थूजीलाही दाखवले नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी त्यांना घरी बोलावले. मास्तरांचा चेहरा उतरलेला होता. सभेत कुणी काही विचारले तर माहिती असावी, म्हणून त्यांनी ओळखीच्या एका प्राध्यापकाकडून संख्यांविषयीचे एक जुने पुस्तक आणले होते.

"लांजेवार, मला माफ करा," ते म्हणाले. "यात एक नियम आहे. अकरा एकांना भाग जाणारी मूळ संख्या असलीच, तर तिला बावीसने भागल्यावर एक उरलाच पाहिजे. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव, अशा. बाकीच्यांकडे बघायचीही गरज नव्हती."

"म्हणजे किती कराच्या होत्या?"

"हजारेक."

दहातले नऊ भागाकार फुकट गेले होते. "तुमाले ठाव नव्हतं सर, तुमी तरी का करान," महादेवराव म्हणाले.

"पण याचा एक फायदा आहे," डेग्वेकर घाईने म्हणाले. "तेवढे हजारच पुन्हा ताडून बघता येतील. सभेआधी बघून घ्या. आणि नवाचा नको, अकराचा ताळा लावा. उजवीकडून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं करत जायचं. या सगळ्या भाजकांचा अकराचा ताळा 'एक' हाच येतो. म्हणून नुसता भागाकाराचा आणि बाकीचा ताळा मिळवायचा. उत्तर एक आलं पाहिजे."

"नवाचा जमला हाये न पण सगळ्याइचा."

"जमला असेल हो. पण सभेत उभं राहायचं म्हणजे दोन्हीकडून पाहिलेलं बरं."

दोन्हीकडून पाहायचे, हे महादेवरावांना पटायला वेळ लागला नाही.

डोळ्यामुळे त्यांना स्वतःचीच जुनी पेन्सिल नीट दिसत नव्हती. तेव्हा वच्छलाबाई वाचायला बसल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि आकडे स्वच्छ वाचायच्या. दुपारी जेवणे झाली की दाराला उन्हासाठी लावलेल्या वाळ्याच्या तट्टीजवळ चटई टाकायची, त्यांनी वही धरायची आणि यांनी डोळे मिटून ताळा करायचा. रोज पन्नास झाल्या की उठायचे.

"तारीख सात जुलै चौसष्ट. भाजक सदुसष्ट..."

"तारीख नको वाचू वं. तिचा का ताळा कराचा हाये?"

"सोडून वाचलं का माही नजर चुकते. मी वाचीन, तुमी ऐकू नका."

पहिले चार दिवस सगळे एक आले. वच्छलाबाईंचा आवाज दुपारच्या झोपेने जड व्हायचा. पाचव्या दिवशी चाळीसेक झाल्यावर त्यांनी वाचले, "तारीख एकोणीस ऑक्टोबर सदुसष्ट. बाजूले डबल ड्यूटी लिहिलं हाये. भाजक दोन एक सहा चार नऊ. भागाकार पाच एक तीन दोन तीन आठ. बाकी दोन शून्य सात चार नऊ."

महादेवरावांनी ताळा केला. भागाकाराचा शून्य आला, बाकीचा तीन. एक यायला हवा होता.

"पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचले. पुन्हा तीनच आला.

"कागद दे अन् पेन्सिल दे," ते म्हणाले. "तू मोठ्याने नको वाचू. वही माह्याजवळ ठेव."

त्यांनी कागद डोळ्याशी धरून भागाकार नव्याने मांडला. पाचाचा भाग, एकाचा भाग, तिनाचा, दोनाचा. इथे ५१७४१ मधून ४३२९८ वजा केले. आले ८४४३. वहीतल्या त्याच ओळीवर त्यांनी बोट ठेवले आणि वही नाकाजवळ आणली. तिथे लिहिले होते ८४३४.

चूक सापडली होती, पण पुढचा भागाकारही त्यांनी पुरा केला. तिनाचा भाग. मग १९४८४१, नवाचा भाग, नऊ नव्वे, खाली पुन्हा १९४८४१. बाकी शून्य.

वहीत बाजूला लाल पेन्सिलीची बरोबरची खूण होती. त्यांनी त्या चुकीच्या भागाकाराचा नवाचा ताळा पुन्हा करून पाहिला. भाजकाचे चार, भागाकाराचे चार, चार चोक सोळा, सोळाचे सात, बाकीचे चार, सात नि चार अकरा, अकराचे दोन. जमला होता. आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नवाच्या पटीत पडतो, आणि नवाचा फरक नवाला कसा दिसणार? ही गोष्ट यार्डातल्या कोणत्याही जुन्या बाबूला ठाऊक असते. त्यांनाही ठाऊक होती.

"का झालं?" वच्छलाबाईंनी विचारले.

"काही नाही. आज इतकंच."

संख्या मूळ नव्हती. चौदा वर्षांनी हाती आलेला निकाल खोटा होता. पण त्या दुपारी महादेवरावांच्या छातीवर बसले ते दुसरेच. भाजक १९६७ च्या ऑक्टोबरात हातात आला होता. त्या दिवशी दोन आकडे जागच्या जागी पडले असते तर काम तिथेच संपले असते. मग लायब्ररीतले शनिवार लागले नसते, नंतरच्या तेरा वह्या लागल्या नसत्या. आणि १९७१ साली बल्लारशाची ऑर्डर आली तेव्हा घरात कसलीही अडचण नसती. हे वच्छलाबाईंना सांगावे लागणार होते. ते उठले, सदरा घातला आणि मास्तरांकडे निघाले.

डेग्वेकरांनी दोन्ही संख्या घेऊन ओसरीवरच गुणाकार मांडला. बेरीज करताना उजवीकडून एक, एक, एक असे उतरत गेले.

"लांजेवार, सापडली हो," ते म्हणाले. "२१६४९ गुणिले ५१३२३९. मूळ आहे म्हटलं असतं तर लोकांना तुमच्या सतरा वह्यांवर विश्वास ठेवावा लागला असता. हे कुणीही पाच मिनिटांत ताडून बघेल. याहून चांगलं काय पाहिजे?"

"अन् ते दुसरी, पाच लाखवाली? ते फुटते का?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "नाही फुटत. तिचं वर्गमूळ सातशे सोळा. तिथवरचे भाजक तुम्ही पहिल्या दोन-तीन महिन्यांतच पाहिलेत, आणि त्यातल्या एकानेही भाग गेला नाही. आता काही उरलं नाही. राहिलेले ताळेसुद्धा करू नका."

"म्हणजे सदुसष्टनंतरचं काहीच लागत नव्हतं."

डेग्वेकरांनी मान खाली घातली. "नव्हतं," ते म्हणाले.

मग दोघांनी बसून चाळीस कार्डांवरची 'मूळ आहे' ही अक्षरे पेनाने खोडली आणि वर 'फुटते' असे लिहिले. त्या कामाला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी यार्डात नत्थूजीने सवयीने विचारले, "का गा, वॅगन भेटली का?"

"भेटली."

नत्थूजी झेंडी खाली करून थांबला. "कुठं होती?"

"इथंच. लिहितानी आकडा उलटला."

नत्थूजी हसला नाही. पंचवीस वर्षे यार्डात काढलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. "कोणाच्या हातून?" त्याने विचारले.

"माह्याच."

सभेला तीस-बत्तीस शिक्षक आले होते. महादेवरावांचा नंबर चहाच्या आधी होता. त्यांनी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या आणि गुणाकार केला. खाली अकरा एक उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक तरुण प्राध्यापक उठला आणि फार सभ्यपणे म्हणाला, की हे दोन्ही अवयव परदेशातल्या कोष्टकांत पूर्वीपासून नोंदलेले आहेत, पण लांजेवारांनी ते स्वतंत्रपणे काढले हे कौतुकास्पद आहे. डेग्वेकरांचा चेहरा पडला. महादेवरावांनी नुसती मान हलवली. वॅगनचा नंबरही कुणीतरी आधी लिहिलेलाच असतो.

"किती दिवस लागले तुम्हाला?" मागच्या बाकावरून कोणी विचारले.

"चौदा वर्षं," ते म्हणाले. कुजबूज झाली. मग त्यांना वाटले की हे अर्धवट झाले. "खरं पाह्यलं तं साडेतीनच लागाले पाहिजे होते. पुढची माही चूक हाये." आणि त्यांनी फळ्याच्या उरलेल्या भागावर तो १९६७ चा भागाकार जसाच्या तसा मांडला, ८४३४ सकट, आणि बाजूला नवाचा ताळा करून दाखवला.

"ताळा जमतोय की," पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"जमते. तेच तं."

बाईंनी पर्स उघडून वही काढली. मग शेजारच्याने काढली. नवाचा ताळा तिथला प्रत्येक जण वर्गात शिकवत होता. बराच वेळ खोलीत फक्त पेनांचा आवाज होता. प्राध्यापकसुद्धा लिहून घेत होता. महादेवराव फळ्याजवळ उभे होते. त्यांना बसायचे होते, पण लोकांचे लिहून होईपर्यंत हलता येत नव्हते.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. वच्छलाबाई दारातल्या वाळ्याच्या तट्टीवर पाणी मारत होत्या.

"झालं?"

"झालं."

"टाळ्या गिळ्या?"

"वाजवल्या. चहा बी देल्ला." ते स्टुलावर बसले आणि एक बूट काढला. "ऐकतं का वं. तो भागाकार सदुसष्टचा होता. बल्लारशाची ऑर्डर एकाहत्तरले आली."

"मले ठाव हाये."

"कसं?"

"तारीख मीच वाचली न. एकोणीस ऑक्टोबर. अन् त्याच दुपारी ताळा बंद केला तुमी."

महादेवरावांनी वर पाहिले. "मंग बोलली काहून नाही?"

"बोलून का होत होतं? तुमाले लोकाइसमोर जाचं होतं." त्यांनी आणखी एक लोटा पाणी तट्टीवर फेकले. ओल्या वाळ्याचा वास आत आला. थोड्या वेळाने त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बल्लारशाले बी गर्मी लई असते म्हणते प्रेमिला."

"इथं का कमी हाये," महादेवराव म्हणाले आणि दुसरा बूट काढायला वाकले.